मेंढीकोटला चौथा गडी लागतो: आमच्या मॅनेजमेंटला, नातेवाइकांना आणि सह्या करणाऱ्या आम्हा चौदा जणांना खुलं पत्र

मा. मॅनेजर मॅडम, मा. डायरेक्टर साहेब, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची सगळी मुलं-मुली-सुना-जावई, आणि त्या अर्जावर सह्या केलेले आम्ही चौदा जण,

सगळ्यांना नमस्कार. पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. नातीनं मोबाईलमध्ये बोललं की टाइप होतं ते चालू करून दिलंय, त्यामुळं तोंड चालू झालं की थांबत नाही, आणि चुका झाल्या तर त्या मोबाईलच्या समजा.

मला इथं सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला मास्तर नाही, पीएमटीतला. स्वारगेट डेपोला कंडक्टर होतो, १९७२ ला लागलो, दुष्काळाचं साल, आणि २००७ ला रिटायर झालो. त्याच वर्षी पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी एक करून पीएमपीएमएल केली, त्यामुळं नव्या नावाचं कौतुक करायला मी काही फार दिवस उरलो नाही. बायको गेली, नंतर बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं, धनकवडीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मुलगा बंगलोरला. मग इथं आलो. सिंहगड रोडला पार पुढं, हवा स्वच्छ असली की खिडकीतून गडावरचा टॉवर दिसतो. दोन वर्षं होत आली. जेवण चांगलं आहे, चादरी वेळेवर बदलतात, मावश्या जीव लावतात, उगाच नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

मुद्दा आहे गेल्या महिन्यात बोर्डावर लागलेल्या नोटिशीचा. ज्यांचा असेसमेंट स्कोअर चारपेक्षा कमी आहे त्यांचा नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि चहा आता पहिल्या मजल्यावरच्या लाउंजमध्ये होणार, खालचा डायनिंग हॉल फक्त "इंडिपेंडंट" लोकांसाठी. कारण काय तर स्वच्छता, सुरक्षितता आणि इतर रहिवाशांची सोय.

हा स्कोअर काय असतो ते ग्रुपवरच्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो, तुम्ही अ‍ॅडमिशनच्या दिवशी घाईत सही केली असणार. सहा रकाने असतात. आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं-उठणं, लघवी-शौचावर कंट्रोल, आणि हातानं जेवणं. जमतं त्याला एक, जमत नाही त्याला शून्य. मला पाच आहेत, आंघोळीला माणूस लागतो म्हणून एक कापला. माझी नात फर्ग्युसनला सायकॉलॉजी करते, ती म्हणाली आजोबा हा फॉर्म सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९६३ साली छापला, आणि तो तयार केला खुब्याचं हाड मोडलेल्या पेशंटवरून. म्हणजे माझ्यासारख्यांवरूनच की! पेशंटला किती मदत लागते, सुधारतोय का बिघडतोय, हे डॉक्टर-नर्सला कळावं म्हणून काढलेला फॉर्म. कोणी कोणाशेजारी बसून भाकरी खायची हे त्याच्यावरून ठरवा असं त्या डॉक्टरनं कुठं लिहिलेलं नाही, असं नात म्हणते. त्या रकान्यांत "गप्पा मारता येतात का" असं विचारलेलं नाही. "पत्ते पिसता येतात का" हेही नाही.

आता आमच्या टेबलाबद्दल. खिडकीजवळचं, वॉश बेसिनच्या बाजूचं चौकोनी टेबल. चार जण. एक मी. दुसरे सर, गणिताचे, आयुष्यभर नारायण पेठेत राहिले आणि दहावीची बीजगणिताची पोरं घडवली, त्यांना पार्किन्सन्स आहे. तिसऱ्या बँकवाल्या ताई, ज्यांच्या डोक्यात कुठलं पान पडलंय आणि कुठलं उरलंय याचं लेजर असतं. चौथ्या वऱ्हाडातल्या काकू, लेकीकडं पुण्यात आल्या आणि लेक कॅनडाला गेली. इंडिपेंडंट आणि असिस्टेड दोन्हीची भेसळ. आणि मजा बघा, बाहेरच्या जगात आमची कधी गाठ पडली नसती. पडली असती तर बसमध्ये, आणि मी सरांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणालो असतो. इथं सर मला मास्तर म्हणतात आणि मी त्यांना सर म्हणतो, आणि काकू म्हणतात दोन मास्तर एका टेबलावर, शाळा कोन भरवनार बापा.

संध्याकाळचं जेवण झालं की ताटं उचलायच्या आत पत्ते निघायचे. मेंढीकोट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चार गडी, समोरासमोरचे दोघं पार्टनर, आणि सगळी मारामारी दश्श्यांसाठी, चारही दश्श्या धरल्या की समोरच्यावर मेंढीकोट. सर आणि काकू एका बाजूला, ताई आणि मी दुसऱ्या.

सरांच्या हातात तेरा पानं राहायची नाहीत, थरथरून सांडायची आणि आम्हाला सगळ्यांना त्यांची पानं दिसायची. पहिले काही दिवस आम्ही न बघितल्यासारखं केलं, पण ताईंना न बघता राहवतच नाही. मग इथं फर्निचरचं काम करायला सुतार आला होता त्याच्याकडून एक लाकडी पट्टी करून घेतली, वीतभर लांब, वर तिरपी खाच, त्यात पानं उभी राहतात. पन्नास रुपये घेतले त्यानं. सर ती पट्टी समोर ठेवून बसायचे, हात मांडीवर, मांडीवर हात सारखा हलत असायचा, गोळी वळल्यासारखा. पण पान टाकायची वेळ आली की हात उचलायचे आणि तेवढ्यापुरता तो हात थांबायचा. खरंच थांबायचा. पान टेबलावर असं आपटायचे की चहाचे कप हलायचे. नंतर मला कळलं की या आजाराची थरथर अशीच असते, हात स्वस्थ असला की जास्त आणि काम करायला गेला की कमी होते. मात्र आमटीची वाटी तोंडाजवळ धरून ठेवली की थोड्या वेळानं परत सुरू. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

आता माझी कबुली. हे मॅनेजमेंटच्या डोक्यातून आपोआप आलेलं नाही, आमच्यातल्याच लोकांनी अर्ज दिला होता, "जेवणाच्या वेळी हॉलमध्ये सांडलवंड होते, किळसवाणं वाटतं, पाहुण्यांसमोर अवघड होतं" असा. चौदा सह्या, नववी माझी. मी का केली? एक आजी आहेत, विसरायचा आजार आहे, त्या माझ्या ताटातला पापड उचलून न्यायच्या, रोज, आणि वर माझ्याकडंच बघून हसायच्या. मला राग यायचा, तेवढंच डोक्यात होतं. अर्ज वाचून सही केली असं म्हणलं तर खोटं होईल, पापड आठवला आणि सही केली. सरांचं नाव त्यात कुठंच नव्हतं. आणि मग एक तारखेला स्कोअर लागला, सरांना तीन, आणि सर वर.

पस्तीस वर्षं मी लोकांना सीटवर बसताना बघितलंय. बसमध्ये सीट कोणाच्या बापाची नसते, डावीकडची बायकांची सोडली तर बाकी जो येईल तो बसेल, पण रोजचे पॅसेंजर बरोबर त्याच सीटवर बसतात. सकाळच्या बसला एक टेलिफोनमधले साहेब आणि एक मार्केट यार्डातला हमाल मागच्या दाराजवळच्या सीटवर शेजारी बसायचे, सुरुवातीला एकमेकांकडं बघायचेही नाहीत, वर्षा-दीड वर्षानं साहेबांच्या मुलीच्या लग्नाला हमाल आहेर घेऊन गेला. मी पण गेलो होतो, म्हणून माहीत. कोणी त्यांची ओळख करून दिली नाही, कोणी त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हिटी ठेवली नाही. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली याच्यावर अभ्यास झालेला आहे, १९५० साली छापलाय, अमेरिकेत एमआयटीच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या विद्यार्थी जोडप्यांचा, त्यात असं दिसलं की मैत्री सगळ्यात जास्त शेजारच्या दाराशी होते, आणि ज्यांचं घर जिन्याजवळ त्यांना वरच्या मजल्यावरचेही मित्र जास्त. म्हणलं, तुमच्या प्रोफेसरांनी स्वारगेटला यायचं होतं, फुकटात सांगितलं असतं.

म्हणून मॅडम, तुम्ही त्या मीटिंगमध्ये जे म्हणालात ना की "काका, भेटायला कोणी बंदी घातली नाहीये, तुम्ही वर जाऊन भेटू शकता", ते ऐकायला बरोबर आहे पण तसं होत नाही. भेटायला जाणं म्हणजे व्हिजिट. मी वॉकरवर, लिफ्ट एकच, ती जेवणाच्या वेळेला ट्रॉल्यांनी अडवलेली. पहिल्या आठवड्यात चार वेळा गेलो, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, गेल्या आठवड्यात एकदा, आणि त्या एका वेळी सर आणि मी समोरासमोर बसून काय बोलावं तेच सुचेना, जसं हॉस्पिटलमध्ये बघायला गेल्यावर होतं. तब्येत कशी, बरी आहे, जेवलात का, जेवलो. दोन वर्षं रोज तास-तास बोलणारी माणसं आम्ही! खाली असताना एकट्या पानशेतच्या पुरावर आठवडा जायचा. १२ जुलै १९६१, सर नारायण पेठेत, मी बारा वर्षांचा, भवानी पेठेत मामाकडं. सर सांगायचे पाणी किती पायऱ्या चढलं, आणि दर वेळेला एक पायरी जास्त, आणि ताई म्हणायच्या सर आता पाणी पर्वतीवर जायचं राहिलंय फक्त. असली चेष्टा व्हिजिटला जाऊन करता येत नाही, ती आमटीची वाटी पुढं सरकवता सरकवता होते.

खाली टेबलाची काय अवस्था आहे तेही सांगतो. तीन गड्यांत मेंढीकोट होत नाही. आम्ही चौथा शोधला, ज्यांनी अर्ज लिहिला तेच साहेब आले दोन दिवस, चांगले खेळतात, पण डाव हरले की पान कोणाचं चुकलं याची चौकशी लावतात. काकूंनी पत्ते गोळा करून पिशवीत टाकले आणि खोलीत गेल्या. आता त्या जेवायलाच उशिरा येतात, गर्दी गेल्यावर, एकट्या. त्यांचा स्कोअर सहापैकी सहा आहे, नोंद करून ठेवा.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. ठसक्याची भीती खरी आहे. पार्किन्सन्समध्ये गिळायला त्रास होतो, घास अडकू शकतो, सरळ बसवावं लागतं, घाई करून चालत नाही, कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे. संध्याकाळी मावश्या तीन आणि भरवायची माणसं सात, हा हिशोब मलाही येतो, पंच वाजवून पोट भरलंय मी. सगळ्यांना एका ठिकाणी बसवलं की लक्ष ठेवायला सोपं. मान्य. पण मग वेळ बघा तुम्ही काय केलीये. वरचं जेवण साडेसहाला, कारण सातला ड्युटी बदलते. सरांची संध्याकाळची गोळी साडेसहाची, ती पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं अंगात उतरते आणि मग ते हालचालीला मोकळे होतात. खाली आम्ही सव्वासातला जेवायचो, तेव्हा सर स्वतःच्या हातानं पोळी तोडायचे. आता गोळी आणि ताट एकदमच समोर येतं. डाळीबरोबर ही गोळी घेतली तर ती नीट लागू पडत नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय, कारण डाळीतलं प्रोटीन तिच्या आड येतं. म्हणजे हात कडक, चेहरा कडक, त्या अवस्थेत तुम्ही त्यांना जेवायला बसवता, ते सांडतात, मावशी भरवायला लागते, आणि पुढच्या असेसमेंटला "हातानं जेवणं" या रकान्यात कायमचा शून्य. याच्यात स्कोअर कोणाचा कमी झाला?

आपल्या पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून आहे, पेशंट आणि घरचे एकत्र जमतात, सरांची सून पूर्वी त्यांना न्यायची. नावातच मित्र आहे बघा. त्यांच्यातल्या कोणाला तरी बोलवा, मावश्यांना अर्धा तास समजावून सांगू दे की जेवायला कसं बसवायचं, वाटीऐवजी कानवाला मग का द्यायचा, अर्धाच का भरायचा. पाहुण्यांसाठी रिसेप्शनला कारंजं बसवलं त्यापेक्षा खर्च कमी येईल. (कारंजं चालू असतं तेव्हा चांगलं दिसतं, त्याबद्दल वाद नाही.)

अ‍ॅक्टिव्हिटीबद्दल एकच सांगतो. कॉलेजची मुलं येतात, आम्हाला गोल बसवून बॉल पास करायला लावतात, टोप्या घालतात, फोटो काढतात, जातात. पोरं गोड असतात. पण त्या गोलात माझ्या शेजारी कोण बसलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि तुमच्या ब्रोशरवर मात्र तोच फोटो "सोशल लाइफ" म्हणून. त्यापेक्षा तो एक तास आम्हाला सोडा, टेबल द्या, चहा द्या, आणि लांब राहा.

नातेवाइकांच्या ग्रुपबद्दल पण बोलायचंय. तिथं आमच्याबद्दल सगळं ठरतं आणि आम्हीच त्यात नाही. शाळेच्या पॅरेंट्स ग्रुपसारखं झालंय, फक्त पोरं पंचाहत्तरची. मागं कोणीतरी कळवलं म्हणून बँकवाल्या ताईंच्या मुलीला मुंबईला फोन गेला की तुमच्या आई आणि तळमजल्यावरचे एक काका फार वेळ एकत्र बसतात, कल्पना असावी. काका म्हणजे मी. अहो आम्ही पार्टनर आहोत, मेंढीकोटमधले! आणि समजा नसतो, समजा खरंच काही असतं, तरी काय? याच पुण्यात माधव दामल्यांनी ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ काढलं, पेपरात छापून आलं, जग कुठल्या कुठं गेलं. ताई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, लाजेनं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला लाज आणली तुम्ही, रिसेप्शनवरून एक फोन करून.

आणि कोणी गेलं की सांगत जा. आत्ता काय होतं, खोलीबाहेरची नावाची पाटी काढलेली दिसते आणि आम्ही समजून घेतो. विचारलं तर "घरी गेल्या". कुठल्या घरी? आमच्यातले बरेच जण आई-बाप, भावंडं, जोडीदार सगळ्यांना वैकुंठात पोचवून आलेत, आम्ही बातमी ऐकून कोसळणार नाही. त्या दिवशी बोर्डावर नाव लिहा, त्या माणसाच्या टेबलावरच्यांना आधी सांगा, पुढं ज्याला रडायचंय तो रडेल.

नात सांगत होती की ही असिस्टेड लिव्हिंगची कल्पना अमेरिकेत केरेन ब्राऊन विल्सन नावाच्या बाईनं रुजवली, १९८३ ला, पोर्टलंडमध्ये. तिची आई अर्धांगानं नर्सिंग होममध्ये पडून होती, त्यावरून सुरुवात. कल्पना अशी की मदत सगळी मिळावी पण दार आपलं असावं, आपण आतून लावायचं. माझ्या खोलीचं दार मला आतून लावता येतं, त्याबद्दल थँक्यू. पण ते उघडून मी कोणाकडं जायचं, एवढंच आता विचारतोय.

सरकारकडं दाद मागायची म्हणलं तर तीही सोय बघितली. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, माझ्या रिटायरमेंटच्या सालातला, त्यात मुलांकडून पोटगी मागता येते, महिन्याला दहा हजारांपर्यंत. माझा मुलगा त्यापेक्षा कितीतरी जास्त इथं भरतो, त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. महारेरानं २०२४ ला ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, रॅम्प पाहिजे, लिफ्टमध्ये व्हीलचेअर गेली पाहिजे, दरवाजा किमान ९०० मिलिमीटर रुंद पाहिजे. चांगले नियम आहेत. आपल्या डायनिंग हॉलचं दार त्याच्याहून रुंद आहे, मी स्वतः वॉकर आडवा धरून बघितलाय. सरांची व्हीलचेअर त्यातून आरामात येते. दोन वर्षं येत होती.

तर माझं म्हणणं असं की त्या अर्जावरची नववी सही मी परत घेतोय, या पत्रानं, ती खोडा. बाकीच्या तेरा जणांनी आपापलं ठरवावं, मी कोणाच्या खोलीत जाऊन हात जोडणार नाही, पण ज्यांचा स्कोअर आज सहा आहे त्यांनी एकदा माझ्या बाथरूमची फरशी बघून जावी, किती गुळगुळीत आहे. पापडवाल्या आजींनाही खाली आणा. मी एक पापड जास्तीचा मागून घेईन. तीन मावश्यांतली एक संध्याकाळी सव्वासात ते आठ खिडकीजवळच्या दोन टेबलांमध्ये उभी करा, तिथून सातपैकी चौघं तिच्या नजरेत राहतात, मी खुर्ची लावून बघितलंय. ज्यांना खरंच वर शांततेत जेवायचंय त्यांना वर जेवू द्या, पण त्यांना विचारून, फॉर्मला विचारून नाही. ड्युटीच्या वेळेवरून जास्तीचे पैसे लागत असतील तर ग्रुपवर टाका, मुलं काय ते बोलतील, पण ग्रुपवर टाकायच्या आधी आम्हाला सांगा.

हे होईपर्यंत माझी सोय मी बघितलीये. येत्या सोमवारपासून मी संध्याकाळी वर जेवणार, सरांच्या टेबलावर, ताई आणि काकू पण येणार आहेत, विचारून झालंय. लाकडी पट्टी सरांच्याच कपाटात आहे. स्कोअर पाच असलेल्यांनी वर जेवू नये असं नोटिशीत कुठं लिहिलेलं नाही, दोनदा वाचली. फक्त एक अडचण आहे, वॉकर दोन्ही हातांनी धरावा लागतो त्यामुळं ताट नेता येत नाही, तेवढं ताट लिफ्टनं वर पाठवायची व्यवस्था करावी ही विनंती. आणि आमटी गरम असू द्या.

आपला,
मास्तर
(तळमजला, खिडकीजवळचं टेबल)